जोड नसलेली पैलवान

१९५४ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बडोद्याची एक बातमी वृत्तसंस्थांच्या तारांवरून देशभर गेली आणि देशाबाहेरही पोचली. हमीदा बानू नावाच्या बाईने बाबा पैलवान नावाच्या गड्याला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले होते. त्या फेब्रुवारीतच तिने जाहीर करून टाकले होते की, जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल तोवर पाठीला माती लावून घेऊन परतले होते. बडोद्याचा हा तिसरा. त्यानंतर बाबा पैलवानाने म्हणे कुस्तीच सोडली.

बरोबर सत्तर वर्षांनी, ४ मे २०२४ रोजी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र लावले. बेंगळुरूच्या दिव्या नेगी या चित्रकर्तीने ते काढले होते. तेव्हापासून ४ मे आला की ते चित्र मोबाइलवर फिरते, खाली ‘भारतातील पहिली महिला कुस्तीगीर’ असे लिहिलेले असते आणि ५ तारखेला सगळे पुन्हा शांत. पहिली म्हटले की आपले काम भागते. पहिल्या माणसाचा फोटो लावायचा असतो, हार घालायचा असतो. त्याचे पुढे काय झाले याचा हिशेब कोणी मागत नाही. हमीदाचा हिशेब मागायचा तर तो उत्तर प्रदेशाकडे मागून भागणार नाही. तिचा जन्म मिर्झापूरचा आणि तयारी अलीगढची, हे खरे. पण तिच्या कारकिर्दीतले कितीतरी महत्त्वाचे प्रसंग मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि मराठी माणसांनी भरलेले बडोदे या पट्ट्यात घडले, आणि उतारवयात ती राहिली आपल्या कल्याणात. तिथे तिने दूध विकले, खोल्या भाड्याने दिल्या, हात आखडला तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. १९८६ साली ती गेली. तोवर कुस्तीच्या जगात तिचे नाव कोणी घेईनासे झाले होते. म्हणून हा विषय मराठी अग्रलेखाचा.

तिची उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. घराण्यातच कुस्ती. अलीगढचे सलाम पैलवान हे तिचे वस्ताद. त्या काळच्या वृत्तपत्रांनी तिला ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ ठरवले आणि मग तिच्या ताटाकडे जे पाहायला सुरुवात केली ते शेवटपर्यंत. रोज साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, दोन मोठे पाव, दोन ताटे बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास मेहनत. ही यादी परदेशी वृत्तसंस्थांनीही छापली. आपल्याकडे कुठल्याही तालमीत जा, जुना पैलवान खुराकाच्या गोष्टी सांगतोच. अमक्याने एका बैठकीत किती दूध प्यायले, तमक्याची थंडाई किती बदामांची होती. पण त्या गोष्टी प्रस्तावनेच्या असतात. खुराक सांगून झाला की म्हातारा मांडी सावरून बसतो आणि मग त्याने ढाक कसा मारला, समोरच्याचा पट कसा काढला, घिस्सा ओढताना खांदा कुठे ठेवला, हे हातवारे करून दाखवतो. हमीदाच्या बाबतीत प्रस्तावनाच छापली गेली. तिच्या जेवणाचे जितके बारकावे कागदावर उरले तितके तिच्या डावांचे उरले नाहीत. पुरुष पैलवान खातो तो लढण्यासाठी. बाई पैलवान खाते तेच बघण्यासारखे, असा तो हिशेब.

कुस्तीत जोड लागते. मैदान भरवणारे पंच आठ-आठ दिवस आधीपासून जोडी लावत बसतात. वजन, वय, नाव आणि मागच्या वर्षीचा निकाल, सगळे तोलून. जोड बरोबर लागली की निम्मे मैदान जिंकले. हमीदाला जोड नव्हती. चाळीसच्या दशकात तिच्यासमोर उभी राहील अशी बाई गावोगावच्या मैदानांत कुठून यावी? तेव्हा एकतर शड्डूच ठोकायचा नाही किंवा पुरुषांशी खेळायचे, एवढ्याच दोन वाटा तिच्यासमोर होत्या. तिने दुसरी धरली. १९५४पर्यंत आपण ३२० कुस्त्या मारल्याचे ती सांगत असे. प्रेक्षक तिला किती होते याची खूण दहा वर्षे आधीच मिळाली होती. १९४४ साली मुंबईत गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली, तेव्हा वीस हजार लोक जमल्याचे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने लिहिले. गुंगाच्या बाजूने ऐनवेळी अटी आल्या आणि कुस्ती फिसकटली. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाची मोडतोड केली.

पुरुष मल्लाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहिले तर त्याचीही अडचण समजते. बाईला हरवले तर त्यात पुरुषार्थ तो काय, असे गाव म्हणणार. आणि हरलो तर नातवंडांच्या काळापर्यंत ते नाव चिकटणार. जिंकण्यात मान नाही आणि हरण्यात जन्माची नाचक्की, अशा कुस्तीला नावाजलेला पैलवान कशाला उतरेल? बडोद्यात आधी तिची कुस्ती ठरली होती ती छोटे गामा यांच्याशी. त्यांना राजघराण्याचा आश्रय होता. बाईशी कुस्ती करणार नाही, असे सांगून ते ऐनवेळी बाजूला झाले आणि बाबा पैलवान पुढे आला. म्हणजे ज्यांच्याशी खेळून तिची खरी परीक्षा झाली असती ते उतरायला तयार नव्हते, आणि जे उतरायचे त्यांना हरवले की लोक म्हणायचे, यात काय मोठे.

लग्नाचा पण हा तिचा स्वतःचा होता की तिच्या कुस्त्या भरवणाऱ्या ठेकेदारांची युक्ती, हा वाद घालण्यात आता अर्थ नाही. जाहिरात म्हणून तो बिनतोड होता. बडोद्यात गाड्यांवर फलक लावून या कुस्तीचा डांगोरा पिटला गेला होता. आपल्या पुराणकथांत पण लावणारा बाप असतो, उचलायचे ते धनुष्य असते आणि मुलगी हातात माळ घेऊन बाजूला उभी असते. इथे पण लावणारी तीच, माळ तिच्याच हातात, आणि धनुष्याच्या जागीही तीच. हा पण जिंकायला येणाऱ्यांना त्यातली गंमत किती कळली असेल कोण जाणे. लोक मात्र तिकीट काढून आले.

पुण्यात तिची कुस्ती होऊ शकली नाही. रामचंद्र साळुंके या मल्लाशी ती ठरलेली होती. तिथल्या कुस्तीसंघटनेने हरकत घेतली आणि ती रद्द झाली. कोल्हापुरात कुस्ती झाली, शोभासिंग पंजाबीला तिने हरवलेही. पण लोकांनी हुर्यो उडवली, दगडफेक केली, आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले.

कोल्हापूर हे नाव इथे नुसते ओलांडून जाता येत नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान पुरे केले, उत्तरेतले नामांकित मल्ल आणून ठेवले, तालमींना दूधदुभत्याची सोय लावून दिली. त्या गावातला रिक्षावालासुद्धा सलामी झडताच सांगू शकतो की कुस्ती निकाली होणार की बरोबरीत सुटणार. अशा गावाने दगड उचलला तेव्हा त्याच्या मनात काय होते? एक शक्यता अशी की, त्या जाणत्या नजरेला कुस्ती नुरा वाटली, आधी ठरवून केलेली वाटली, आणि आपल्या मातीत हा तमाशा चालू देणार नाही, असा तो राग होता. दुसरी शक्यता अशी की, डोळ्यांदेखत बाईने गडी पाडला हेच सोसले नाही. आम्हाला वाटते, एकाच हातात दोन्ही कारणे असू शकतात, आणि दगड सुटल्यावर ती वेगळी काढता येत नाहीत. पण एक फरक नोंदवायला हवा. दोन गडी नुसतीच खडाखडी करत राहिले, एकमेकांना सांभाळून घेऊ लागले, तर आपला प्रेक्षक ओरडतो, पंच दम देतो, खेळा नाहीतर खाली उतरा. लबाडीवर पुरुषांना मिळणारा उपाय असा, की कुस्ती खरी करून दाखवा. हमीदाच्या बाबतीत सुचलेला उपाय होता तिच्या कुस्त्याच बंद करण्याचा.

त्या बंदीविरुद्ध तिने मोरारजी देसाईंना पत्र लिहिले. पुणे आणि कोल्हापूर तेव्हा मुंबई राज्यात होती आणि मोरारजीभाई त्या राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांनी उत्तर दिले, हे त्यांच्या शिस्तीला धरून झाले. उत्तराचा आशय असा, की तू बाई आहेस म्हणून बंदी घातलेली नाही. कुस्त्या भरवणारे तुझ्यासमोर डमी मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत. कारकुनी दृष्टीने या उत्तरात खोट काढायला जागा नाही. तक्रार ठेकेदाराची, म्हणून ठेकेदाराची चौकशी करा, पंच सरकारने नेमा, समोर कोण उतरतो ते आधी पारखून घ्या, असेही करता आले असते. शिक्षा झाली ती मात्र तिला. आणि डमी मल्लांची एवढी चीड असलेल्या मुंबईनेच त्यानंतरच्या वर्षांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्रीस्टाइल दंगली डोक्यावर घेतल्या. त्यात नाटकाचा भाग किती असतो हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही मौज होती. दारासिंगांना पुढे सिनेमा मिळाला, हनुमानाची भूमिका मिळाली, राज्यसभा मिळाली. त्यांच्या ताकदीबद्दल आम्हाला आदरच आहे. प्रश्न एवढाच, की नाटकाचा आळ दोघांवर येऊ शकत होता. तो पुरुषाला माफ झाला आणि बाईला चिकटला.

हमीदाच्या सगळ्याच कुस्त्या खऱ्या होत्या असे आमचे म्हणणे नाही. तिकिटावर चालणाऱ्या त्या काळच्या दंगलींत ठरवून केलेल्या कुस्त्या होत होत्या, आणि तिच्या ३२०त त्यातल्या काही असणारच. पण १०८ किलोची, रोज सहा तास मेहनत करणारी, वस्तादाच्या हाताखाली घडलेली मल्ल कोणालाच पाडू शकत नव्हती असे म्हणणे म्हणजे कुस्तीचे ज्ञान नव्हे. त्याच १९५४ साली मुंबईत तिच्यासमोर अखेर एक बाई उभी राहिली. वेरा चिस्टिलिन, जिला ‘रशियाची अस्वलीण’ म्हणून मिरवले जाई. ती मिनिटभरही टिकली नाही. त्यानंतर हमीदाने जाहीर केले की आता युरोपात जाऊन खेळणार. आणि तिथून तिचे नाव वृत्तपत्रांतून नाहीसे झाले.

काय झाले ते पुष्कळ वर्षांनी तिच्या नातवाने पत्रकारांना सांगितले. तिचे युरोपला जाणे सलाम पैलवानांना मान्य नव्हते आणि तिला थांबवण्यासाठी त्यांनी मारहाण करून तिचे हात मोडले, असे त्याचे म्हणणे. त्या दोघांचे नाते नेमके काय होते याबद्दल घरच्यांच्याच आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि न्यायनिवाडा करायला आता दोघेही हयात नाहीत. दुधाचा धंदा दोघांनी मिळून कल्याणात थाटला होता. हळूहळू धंदा उरला आणि कुस्ती गेली.

आपल्या कुस्तीत मल्लाचे नाव सरकार राखत नाही, तालीम राखते. तालमीच्या भिंतीवर वस्तादांच्या वस्तादांचे फोटो असतात, कुंकू लावलेले, काच तडकलेली. नवा पोरगा पहिल्या दिवशी माती उकरायला लागतो तेव्हाच ती नावे त्याच्या कानावर पडतात. मारुती माने, गणपतराव आंदळकर, हरिश्चंद्र बिराजदार यांची कुस्ती ज्याने पाहिलेली नाही असा पंधरा वर्षांचा पोरगाही त्यांच्याबद्दल तुमच्याशी भांडू शकतो, कारण त्याच्या वस्तादाने, किंवा त्याच्या वस्तादाच्या वस्तादाने, ती पाहिलेली असते. खाशाबा जाधवांचेच पाहा. १९५२ साली हेलसिंकीहून ते ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शासनाने त्यांची किती उपेक्षा केली हे सर्वांना ठाऊक आहे. अर्जुन पुरस्कारसुद्धा मरणोत्तर. पण गोळेश्वरने आणि कऱ्हाडने त्यांना विसरायचे नाकारले. त्यांच्या स्वागताला निघालेल्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीची गोष्ट कऱ्हाड भागात अजून कोणीही सांगेल. त्या हट्टापायीच उशिरा का होईना सरकारला जाग आली आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडादिन झाला. गूगलने त्यांचेही चित्र लावले होते, २०२३ साली त्याच दिवशी. हमीदाच्या आधी सव्वा वर्ष. दोघे एकाच काळातले. एकाच्या पाठीशी गाव होते, तालीम होती, शाळेतले मास्तर होते. दुसरीच्या पाठीशी ठेकेदार होता, तिकिटाची खिडकी होती आणि एकच वस्ताद होता. तिचे नाव पुढच्या पिढीकडे पोचवायचे ते त्याने, आणि नातवाचे म्हणणे खरे मानले तर हात मोडले तेही त्यानेच. बाईला तालमीची पायरी चढायची मुभा नव्हती, म्हणून तिचा फोटो भिंतीवर लागला नाही. आणि फोटो लागला नाही म्हणून पुढच्या मुलीला तालमीत यायचे म्हटले की ‘आपल्यात असले नसते’ हे उत्तर तयार होते.

बायकांची कुस्ती या देशात उभी राहिली ती एक वस्ताद बदलला तेव्हा. मास्टर चंदगीराम, १९७०च्या बँकॉक एशियाडचे सुवर्णपदकविजेते, यांनी आपल्या मुलींना आखाड्यात उतरवले. लोकांनी व्हायचा तो विरोध केला. त्यांचेच एक शिष्य हरियाणातल्या बलाली गावचे महावीरसिंग फोगट. पुढचे सगळे ‘दंगल’ हा चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बायकांच्या जागतिक स्पर्धा १९८७ साली सुरू झाल्या, ऑलिंपिकने २००४ साली त्यांना दार उघडले, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटने सुवर्ण घेतले, आणि २०१६ साली रिओत साक्षी मलिकने ब्राँझ. हमीदाला जी मिळाली नाही ती जोड आता तराजूवर मिळू लागली: वजनगट आले, समोर बाईच आली, डमीचा प्रश्न मिटला.

मिटला का? ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगटने पहिल्याच कुस्तीत जपानच्या युई सुसाकीला शेवटच्या काही सेकंदांत ३-२ असे हरवले. परदेशी मल्लाकडून सुसाकी तोवर कधीच हरली नव्हती. त्याच दिवशी आणखी दोन कुस्त्या जिंकून विनेश ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचणारी पहिली भारतीय महिला कुस्तीगीर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले. रात्रभर ती धावली, घाम काढला, केस कापले. तरी १०० ग्रॅम. अंतिम कुस्ती गेली, रौप्यही गेले आणि निकालपत्रावर तिचे नाव सर्वांत खाली छापले गेले. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला तिचे अपील फेटाळले. नियम सगळ्यांना सारखा होता आणि तो तिला ठाऊक होता, हे मान्य. पण ५३ किलोत खेळणारी ही मुलगी ५०मध्ये कशी आली हेही सांगायला हवे. २०२३ साली कित्येक आठवडे तिने आखाड्यात नव्हे, जंतरमंतरच्या फुटपाथवर काढले होते. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला मल्लांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. त्यांनी ते नाकारले आणि प्रकरण कोर्टात गेले. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या या मल्लांना पोलिसांनी फरफटत गाडीत घातले. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर ५३ किलोची ऑलिंपिकची जागा अंतिम पंघालने मिळवली. मग वजन उतरवण्याखेरीज उपाय उरला नाही.

तेव्हाची हमीदा मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिते, २०२३ची विनेश रस्त्यावर बसते. मातीत जिंकलेल्या बाईला मातीबाहेर पुन्हा एकदा कोणाची तरी परवानगी लागते, आणि ती देणारे कधी संघटनेत बसलेले असतात, कधी मंत्रालयात, तर कधी घरात. पुरुष मल्लांनाही संघटनांचा जाच होतो, नाही असे नाही. पण ‘तू इथे मुळात आलीसच कशाला’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

आता आपल्या घरात काय चालले आहे ते पाहू. ‘महाराष्ट्र केसरी’ सुरू झाली १९६१ साली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली मार्च २०२३मध्ये, सांगलीत. मध्ये बासष्ट वर्षे गेली. त्या बासष्ट वर्षांत महाराष्ट्राच्या मुली कुस्ती खेळत नव्हत्या असे नाही. वडणग्याची रेश्मा माने, मुरगूडच्या कुस्ती संकुलातून पुढे आलेली नंदिनी साळोखे, अशी नावे कोल्हापूर जिल्ह्यातच घेता येतात. आळंदीतही मुलींची तालीम चालते. म्हणजे जिथे दगड पडले त्याच जिल्ह्यात पहाटे पाचला मुली जोर-बैठका मारत आहेत आणि त्यांचे वडील दुधाची किटली घेऊन बाहेर उभे आहेत. हा बदल कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा मोठा आहे आणि त्याचे श्रेय ज्या वस्तादांनी भाऊबंदांची बोलणी खाऊन मुलींना मातीत उतरवले त्यांना आहे.

सांगलीच्या त्या पहिल्या स्पर्धेत अंतिम कुस्ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, आणि ती आली होती कल्याणहून. हमीदा आणि वैष्णवी यांना जोडणारा कोणताही धागा नाही. एकीची कुस्ती संपली तेव्हा दुसरीच्या आईचाही जन्म झाला नसेल. कल्याणात हमीदाच्या नावाची तालीम असती तर धागा असता.

तेव्हा अग्रलेखाच्या शेवटी जी मागणी करायची ती आम्ही करतो. पुरुषांच्या महाराष्ट्र केसरीला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीयांकडून चांदीची गदा दिली जाते. त्या गदेमागे एक नाव आहे म्हणून तिला वजन आहे. महिला महाराष्ट्र केसरीच्या गदेला हमीदा बानूचे नाव द्यावे. ती इथली नव्हती, असा आक्षेप येईल. शाहू महाराजांनी आणून ठेवलेले पंजाबी मल्लही इथले नव्हते, आणि त्यांचे पट्ठे आज महाराष्ट्राचे भूषण म्हणून सांगितले जातात. तिच्या कुस्त्या खोट्या होत्या, असाही आक्षेप येईल. ज्यांना तसे वाटते त्यांनी त्या काळची मराठी वृत्तपत्रे काढून बसावे. पुण्या-कोल्हापुरात आणि मुंबईत त्यांच्या फायली आहेत, कोणीतरी विद्यापीठाने एखाद्या संशोधकाला या कामाला लावावे, आणि जे निघेल ते छापावे. नुरा निघाली तर नुरा म्हणून छापावे. तिच्या डावांबद्दल एखादी ओळ त्यात सापडली तर ती मुरगूडच्या आणि आळंदीच्या मुलींना वाचून दाखवावी.

राहता राहिली गदा. मल्लांच्या गदा घडवणारे कारागीर पुण्यात आहेत, आणि नाव कोरायला कुस्तीगीर परिषदेचा एक ठराव पुरे आहे. पुढच्या स्पर्धेला अजून वेळ आहे.